पहिली ओळ

भामाताईंच्या हातून चूक झाली असं तोंडावर म्हणणारं माणूस पनवेलच्या लाइन आळीत तरी अजून जन्माला आलं नव्हतं. त्यांना ते ठाऊक होतं, म्हणून तिथल्या कचेरीचा जिनासुद्धा त्या घरमालकिणीसारख्या चढत. सातवीनंतर शाळा सुटली, मिठागरवाल्यांच्या घरी लग्न झालं, आणि पस्तिसाव्या वर्षी त्या प्रभाकर इंजिनिअरांच्या कचेरीत नकाशांना खळ लावायला लागल्या. खळ लावता लावता टाइप शिकल्या, टाइपावरून संगणकावर गेल्या, आणि संगणकाची ती 'सी' भाषा कव्हर फाटलेल्या एका पुस्तकातून, मांडीवर डिक्शनरी ठेवून शिकल्या. बाईला ताठा होता. असणारच. ज्याला कुणीतरी हाताला धरून चालवलं त्याला नम्रता परवडते. जो आपला आपण पडत-धडपडत उभा राहिला, त्याने मान ताठ ठेवली तर इतरांच्या पोटात का दुखावं?

गोष्ट शहाण्णवच्या मे महिन्यातली. शनिवार, कचेरी अर्धी. प्रभाकरसाहेब साइटवर गेले होते, तीनला येणार होते. काम अगदी साधं होतं. पाताळगंगेच्या काठच्या घरांची जुनी यादी पुन्हा छापायची आणि चार वाजता तालुका कचेरीत पोचती करायची. पुराच्या पाण्याखाली येणाऱ्या घरांना यंदा टेकाडावर प्लॉट मिळायचे होते. यादीत असेल त्याला टेकाड, नसेल त्याला नदीचा काठ.

ही यादी निघायची कशी, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपटा गावाच्या वरच्या अंगाला नदीकाठच्या जमिनीचे पन्नास-पन्नास मीटरचे चौकोन पाडले होते. एकेका चौकोनाची उंची मोजून आकडा लिहिला होता. नदीला लागून पहिली आडवी ओळ, तिच्या मागे दुसरी, अशा थेट डोंगरापर्यंत एकशेवीस ओळी. उंचीची ही एक सारणी, आणि कुठल्या चौकोनात किती घरं त्याची तश्शीच दुसरी. इंजिनिअर लोक तिला मॅट्रिक्स म्हणतात. एवढ्या पसाऱ्यातून हवा तेवढाच तुकडा काढायचा म्हटलं की आकडेमोडीचं ते परदेशी पॅकेज कासवासारखं चाले. म्हणून भामाताईंनी 'सी'मध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला, कंपाइल केला आणि त्या पॅकेजला मागून जोडून दिला. कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत, एवढं सांगायचं, की तुकडा हातात. कचेरीत सगळे त्याला भामाताईंची कात्री म्हणत. पुण्याहून आलेल्या साहेबांनीसुद्धा ती कात्री मागून नेली होती.

बारा वाजून गेले होते. आपल्याकडे लोक रात्रीला भितात. भिणाऱ्याने खरं तर मे महिन्यातल्या दुपारला भ्यावं. रस्त्यावर माणूस नाही, पान हलत नाही, खाडीवरचा खारा वारासुद्धा कुठेतरी पडून राहिलेला. आपली सावलीही पायाखाली शिरून बसते, जणू तिला वर बघायचं नाही. कचेरीत पंख्याची कुरकुर तेवढी होती. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अनवाणी, सावकाश.

"करवंदं नकोत," भामाताई मान वर न करता म्हणाल्या. "मागच्या खेपेला निम्मी आंबट दिलीस."

"करवंदं आंबटच असतात, बाय. गोड पायजे तं पेढे खा."

भामाताईंना हसू आलं. त्यांनी वर पाहिलं. दारात मंगळी उभी होती, डोक्यावर पळसाच्या पानांनी झाकलेली टोपली. शुक्राची बायको. शुक्राची विधवा, म्हणायला हवं.

शुक्रा नदीकाठच्या कातकरवाडीतला. मोजणीच्या वेळी रोजावर पट्टी धरायला तोच असे. आकडे रंगवलेली ती उंच लाकडी पट्टी चौकोनात सरळ उभी करायची, इकडे दुर्बिणीतून आकडा वाचायचा, आणि भामाताईंनी तो वहीत लिहायचा. पट्टी बसली की शुक्रा लांबून ओरडे, "हाय!" आकडा लिहून झाला की भामाताई ओरडत, "झालं!" त्याशिवाय पट्टी हलवायची नाही, हा नियम त्यांनीच घालून दिला होता, आणि शुक्राने तो असा पाळला की दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. एकदा त्यांना चहा प्यायला बोलावलं, त्या 'झालं' म्हणायला विसरल्या. परत आल्या तर अर्ध्या तासाने शुक्रा तसाच उभा, घामाने निथळत.

"मेल्या, बसायचं तरी."

"तुमी झालं कुटं म्हन्लात?"

पट्टीशेजारी उभा राहिला की दीड मीटरची खूण बरोबर त्याच्या ओठांशी येई. भामाताई त्याला चिडवत, "शुक्रा, तू दीडला बोलतोस रे." त्यावर तो पट्टीमागे तोंड लपवून हसे.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात नदी आली. गावातली याच यादीवरची घरं आदल्या संध्याकाळीच होडीने हलवली होती. वाडीतली सात माणसं गेली, त्यात शुक्रा. सगळ्या पनवेलने म्हटलं तेच भामाताईंनीही म्हटलं होतं, मोठ्याने, पानवाल्याच्या टपरीसमोर: सांगितलेलं ऐकत नाहीत ही माणसं.

मंगळीने टोपली उतरवली आणि ती दाराच्या आत, फरशीवर बसली.

"इकाया नाय आले, बाय. इचाराया आले. तलाठ्यानं यादी वाचली. आमची नऊ खोपटी, एक पन त्यात नाय."

"असं कसं होईल? पहिल्याच ओळीत तुम्ही. शुक्रानं पट्टी धरली, मी लिहिलं."

"तेच मी बी म्हन्ले. बायच्या हाताचं हाय ते, चुकंल कसं?"

भामाताईंनी खुर्ची पुढे ओढली. तलाठ्याचे डोळे तपासायला हवेत, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी कात्रीला हुकूम दिला: ओळ एक ते चाळीस, पुराचं पाणी पोचायचं तेवढ्या. प्रिंटर खडखडला. कागद पुढे सरकला, आणि त्यांनी सवयीने ओळी मोजल्या.

एक्केचाळीस.

त्यांनी पुन्हा मोजल्या, बोट ठेवून. चाळीस मागितल्या होत्या, एक्केचाळीस आल्या होत्या. जास्तीची ओळ सगळ्यांच्या वर होती. तिच्यात पहिल्या नऊ रकान्यांत एकच आकडा, ०.१०. दहाव्यापासून पुढे नुसती शून्यं.

"कचरा आहे," त्या म्हणाल्या. हद्दीबाहेरची जागा वाचली की संगणक मेमरीतलं काहीही उचलून आणतो, हे त्यांना पाठ होतं. कचरा येतो. पण कचरा असा रांगेत उभा राहत नाही, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ते दूर लोटलं. पुन्हा हुकूम दिला.

मंगळी आपल्याशीच बोलत होती. तिला वाचता येत नव्हतं, आणि ती कागदाकडे बघतही नव्हती. खिडकीतून उन्हाकडे बघत होती.

"त्या दिशी सकाळी पानी नुस्तं घोट्याला व्हतं. मी म्हन्ले, चला वर जाऊ. तो म्हन्ला, थांब..."

प्रिंटर खडखडला. एक्केचाळीस ओळी. वरची ओळ: ०.४५.

"...गुडघ्याला आलं. मानसं निघाली व्हती, त्यानं आडवली. म्हन्ला, बायच्या वहीत आपली घरं लिवलीत. समद्यांच्या आधी आपली. माज्यासमोर लिवलीत. होडी पयली हितं येनार. आपन निघून गेलो तं होडी मोकळी परत जाईल..."

भामाताईंचा हात कळफलकावर होता. त्यांना तो उचलायचा होता. त्याऐवजी बोटांनी तोच हुकूम पुन्हा टाइप केला.

०.९०.

खोलीत वास येत होता. आधी त्यांना करवंदांचा वाटला. तो नव्हता. नदी ओसरल्यावर काठाला जो गाळ राहतो, कुजक्या पानांचा, गार, त्याचा वास होता. बाहेर डांबर वितळत असताना.

"मंगळे..." त्या म्हणाल्या. "पुरे."

"मला त्यानं करंजावर चढवली. त्याच्या हातात येळूचा दांडा व्हता. तो खाली रोवून उभा राह्यला, तुमची पट्टी धरायचा ना, तसाच. मी वरून इचारलं, अजून जिमीन लागते का? तो म्हन्ला... हाय."

१.२५.

"मंग पुन्यांदा इचारलं. म्हन्ला... हाय."

१.४०. नऊच्या नऊ रकान्यांत. भामाताईंना आता ओळी मोजाव्या लागत नव्हत्या. त्यांनी हात मांडीवर घट्ट दाबून धरले होते, आणि प्रिंटर चालूच होता. हुकूम कुणी दिला नव्हता.

"मंग..." मंगळी म्हणाली आणि थांबली.

१.५०.

त्यानंतरचा कागद कोरा सरकला. पंखाही थांबला होता. वीज गेली होती की काय, पण संगणकाचा पडदा मात्र तसाच हिरवा जळत होता. कोऱ्या कागदावर प्रिंटरची सुई जाऊन आल्याच्या खुणा उमटल्या होत्या, बोटाला लागत होत्या, शाई मात्र नव्हती.

"तिची वाट बघत बसला, बाय," मंगळी म्हणाली. "तुमच्या होडीची."

ती कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायली आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. भामाताईंनी कात्री उघडली.

तीन वर्षांत त्यांनी तो प्रोग्राम उघडला नव्हता. कशाला उघडायचा? चालत होता. आज ओळ न् ओळ वाचली, आणि विसाव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्या परदेशी पॅकेजमध्ये मोजणी एकापासून सुरू होते. 'सी'मध्ये शून्यापासून. म्हणून पॅकेजकडून आलेल्या प्रत्येक आकड्यातून आत एक वजा करायचा असतो. कुठलंही पोर पहिलं शिकतं ते हे. रकान्यांच्या वेळी त्यांनी वजा केला होता. आडव्या ओळी त्यांनी दुसऱ्या दिवशी लिहिल्या, आणि तिथे तो वजा एक राहून गेला होता. पहिली ओळ मागितली की कात्री दुसरीपासून कापत होती. चाळिसावी मागितली की एक्केचाळिसावीपर्यंत जात होती. ओळी भरत होत्या चाळीसच, म्हणून कुणाला संशय आला नाही. उंचीची आणि घरांची, दोन्ही सारण्या एकाच कात्रीने सारख्याच सरकल्या होत्या. शेवटी एक ओसाड माळाची ओळ आत आली होती. आणि नदीला लागून असलेली पहिली ओळ, नऊ खोपटांची, गळून पडली होती.

होडीवाल्यांच्या हातात दिलेल्या यादीत वाडी नव्हतीच. वाडीवर कुणी सांगायलाच गेलं नव्हतं. ऐकायचं काय होतं त्या माणसांनी?

तीन वाजता प्रभाकरसाहेब आले, ते घाम पुसतच. भामाताईंनी पडदा दाखवला. साहेब उभ्याने वाचत राहिले, मग खुर्चीत बसले.

"दुरुस्त करा," ते हळूच म्हणाले. "वाडी पुरवणीत टाकू. जुनं उकरायची गरज नाही."

"मूळ यादीत नाही त्याला पुरवणी नाही. नियम तुम्हीच मला वाचून दाखवलात. मूळ यादीच चुकली होती, असं लिहून दिलं तरच."

"असं लिहून देणं म्हणजे काय, कळतंय ना, भामाताई? सात माणसं आहेत."

"मला कळतं ना. तुमच्यापेक्षा तासभर आधीपासून कळतंय."

"मी सही नाही करू शकणार."

"तुमची मागितलीय कुणी? कात्री माझी आहे."

साहेब दुष्ट नव्हते. त्यांनी कपाटातून कोरा ताव काढून दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. भामाताईंनी लिहिलं, आपल्या हाताने, टाइप न करता. चूक कुठली, कुणाची, कशी. यादीतून कोण राहिलं. त्या यादीमुळे काय झालं. शेवटच्या वाक्याला त्यांचा पेन अडला. मग तेही लिहिलं, आणि खाली पूर्ण नाव. तोपर्यंत वजा एक आपल्या जागी गेला होता. नवा तुकडा छापला. ओळी चाळीस, बरोबर चाळीस. पहिल्या ओळीत नऊ घरं. मंगळीला त्यांनी त्या घरांवरून बोट फिरवून दाखवलं.

"ह्यातलं शुक्राचं कंचं?" तिने विचारलं.

"तिसरं."

मंगळीने त्या आकड्यावर अंगठा ठेवला आणि तसाच राहू दिला. मग म्हणाली, "टपरीवर तुमी काय बोलला व्हता, ते मला कळलं व्हतं. तवा वाईट वाटलं. आता नाय वाटत. आता तुमाला वाटंल."

भामाताईंनी तो ताव यादीला टाचला आणि चाराच्या आत तालुका कचेरी गाठायला जिना उतरल्या.

वाडीला टेकाड मिळालं. चौकशी लागली ती लागली. भामाताई तिला सामोऱ्या गेल्या, ती गोष्ट वेगळी. मेच्या अखेरीला नऊ कुटुंबांनी खोपटी मोडून वर नेली. त्यानंतर दोन दिवसांनी मंगळी भामाताईंना घ्यायला आली.

"समदे वर आले, बाय. तो येत नाय. दुपारचा तितंच उभा असतो. पोरांना येळूचा आवाज येतो. तुमी त्याला सांगितल्याबिगर तो हलनार नाय."

भामाताई भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांना तोंडावर हसत आल्या होत्या. त्या गेल्या.

काठावर खोपटांच्या जागी नऊ काळे चौकोन उरले होते, चुलींच्या राखेचे. त्यांच्या पलीकडे एकटं करंजाचं झाड. मोजणीच्या वेळी वही घेऊन भामाताई त्याच झाडाखाली बसत. नदी पार आटली होती, दगडांतून एक बारीक धार तेवढी. बाराचं ऊन. मंगळी मागे, लांब थांबली. भामाताई करंजाखाली उभ्या राहिल्या.

"शुक्रा..."

काही नाही. मग कोरड्या नदीतून, पाणी जिथे आता नव्हतंच तिथून, ओलसर, तोंडात पाणी भरल्यासारखा आवाज आला.

"...हाय."

भामाताईंना झाडाला हात लावावासा वाटला, पण लावला नाही. एवढ्या वर्षांची सवय होती ती. ताठ उभं राहायची.

"लिहिलं रे," त्या म्हणाल्या. "उशिरा लिहिलं. पण लिहिलं. तुझी सगळी वर गेली." आणि मग, मोजणीच्या दिवसांत ओरडत तशा, सगळी छाती भरून: "झालं!"

चिखलात खोल रुतलेला बांबू कुणी उपसून काढला की जो चुळुक आवाज होतो, तो झाला. समोर तर कोरडी वाळू होती. आवाज एकदाच झाला. मग धारेवरून वारा सुटला, तो थेट टेकाडापर्यंत गेला, आणि त्यांच्या मागे मंगळी पहिल्यांदा मोठ्याने रडली.

परतताना भामाताईंच्या पायांना गाळ लागला होता, घोट्याच्या खालपर्यंत. त्यांनी तो पुसला आणि कुणाला सांगितलं नाही.

जूनमध्ये दुसऱ्या कामासाठी त्यांना पुन्हा तोच तुकडा काढावा लागला. ओळ एक ते चाळीस. प्रिंटर खडखडला. ओळी आल्या एक्केचाळीस.

वरच्या ओळीत पहिले नऊ रकाने शून्य होते, सगळे. भामाताईंनी डोळे मिटून घेतले, बरं वाटलं म्हणून. उघडले तेव्हा दहावा रकाना दिसला. दहावा चौकोन करंजाचा, त्या वही घेऊन बसत तो. तिथे घर कधीच नव्हतं. तिथे आकडा होता, ०.०५.

त्यांनी कात्री पुन्हा तपासली. दोन्ही वजा एक जागच्या जागी. पुण्याच्या साहेबांकडून तपासून घेतली. त्यांच्याकडे ओळी चाळीसच येत. भामाताईंकडे रोज एक्केचाळीस, आणि आकडा रोज सकाळी थोडा वर.

विचुंबे गावातल्या आपल्या घरी एका संध्याकाळी त्या चपला काढून दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि हात मागे नेऊन ओठांच्या रेषेत पेन्सिलीची खूण केली. मिठागरावरून आलेला नवरा, कमळाकर, पायरीवर पाय धूत होता. त्याने वर पाहिलं.

"काय गो, या वयात वाढतंस का काय?"

"बघते," भामाताई म्हणाल्या.

त्यांनी फूटपट्टी लावून मोजलं. एक पूर्णांक अडतीस. त्या दिवशी सकाळी कागदावर होता शून्य पूर्णांक साठ. त्यांना 'झालं' म्हणायला कुणी येणार होतं का, याचा विचार त्यांनी बराच वेळ केला. मग पायाकडे पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "दार लावू नको इतक्यात. कुठूनतरी गार येतंय."

बाहेर एक थेंबही पडला नव्हता. उंबऱ्याच्या आतली फरशी ओली होती.